पाय आपटून मारलेली हाक

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरात आली, आणि थोड्याच दिवसांत मला एका कोपऱ्यात गाठून विचारू लागली, "ताई, सगळे माझ्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, का गं, कुणी काही बोललं का तुला? तर म्हणाली, "बोलत नाहीत हेच तर. नुसते पाय आपटतात."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या दोन खोल्या मागांच्या कारखान्याच्या डोक्यावर आहेत. खाली यंत्रमाग, वर लाकडी फळ्यांची जमीन, आणि त्या फळ्यांवर आम्हा सगळ्यांचा संसार. खाली माग सुरू झाले की वर कपातला चहा थरथरायला लागतो. अशा घरात तोंडानं हाक मारणं म्हणजे घसा फुकट घालवणं. कुणाला बोलवायचं असेल तर टाच जमिनीवर आपटायची. फळीतून धक्का जातो, माणूस वळून बघतं, मग हातांनी काय ते सांगायचं. सासूबाईंनी टाच एकदा आपटली तर ती माझ्यासाठी, दोनदा आपटली तर धाकटीसाठी, आणि आपटतच राहिल्या तर समजायचं की दूध उतू गेलंय आणि आज दोघींचीही धडगत नाही.

खाली कारखान्यातही हाच कारभार. धागा तुटला, पाणी पाहिजे, जेवायला चल, माग बंद कर, मालक येतोय, या सगळ्याला हाताच्या खुणा आहेत. त्या कुणी शिकवत नाही. पोटासाठी मागावर उभं राहिलं की आपोआप येतात.

धाकटी माहेरी बडबडी म्हणून गाजलेली. तिच्या वडिलांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि छत्री घ्यायला आलेलं माणूस हिच्या गप्पांत अडकून छत्री तिथेच विसरून जायचं, असं तीच सांगायची. आता अशी मुलगी आमच्या खडखडाटात पडली. सुरुवातीला मला तिची कीवच आली. पण पोरगी खमकी. खाली कांड्या भरायचं काम धरलं तिनं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची बारीक नळी. ती संपली की माग अडतो, म्हणून कांडीवालीला दिवसभर उसंत नसते. त्या कामावर राहून तिनं खुणा अशा उचलल्या की जुन्या विणकरांनी तोंडात बोटं घालावीत. मालकाची फेंगडी चाल ती यंत्राच्या फळीवर दोन बोटांनी चालवून दाखवायची. पलीकडचा विणकर हसता हसता धागा तोडायचा, मालक धावत यायचा, आणि ही आपली साधूसारखा चेहरा करून कांड्या भरत असायची. आवाजानं तिचं तोंड बंद केलं, पण बडबड काही बंद झाली नाही.

मग तिला मुलगा झाला.

पोर दिसायला देखणं, डोळे टपोरे, आणि नजर अशी की समोरच्याचं काही सुटायचं नाही. वर्षाचं व्हायच्या आधीच हातवारे करायला लागलं. भूक लागली की मूठ तोंडाशी नेई, नको असलं की तळहात उडवी. दीड वर्षाचा झाला तेव्हा तुटलेला धागा दाखवायची खूण तो विणकरांच्याही आधी करायचा. खाली सगळे त्याला 'कारागीर' म्हणायचे. कारागीर आला, कारागिराला बसायला जागा द्या. भाऊजींना तर त्याचा केवढा अभिमान. माझे हे धाकटे दीर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतात. चालत्या मागाच्या लोखंडावर हात ठेवून ते सांगतात की कुठला नट सैल आहे. पोरानंही मागाच्या खांबाला तळहात लावून बसायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी सगळ्या कारखान्याला गोळा करून दाखवलं. रक्तातच आहे म्हणाले.

दोन वर्षं उलटली तरी त्याच्या तोंडातून शब्द म्हणावा असा एक आवाज निघाला नव्हता. रडायचा, हसायचा, किंचाळायचा. पण बाबा नाही, दे नाही, काही नाही.

आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बोलायची गरजच काय होती? त्यानं हात हलवला की चौघं धावायची. माझी दोन्ही मुलं याच फळ्यांवर वाढली आणि याच खडखडाटात बोलायला शिकली. एवढं बोलायची की सुट्टीच्या दिवशी मला मागच बरे वाटायचे. त्यामुळे मुलाच्या न बोलण्याचा दोष कुणी घराला दिला नाही. सासूबाईंनी तर निकालच लावून टाकला होता. "याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत ठार मुका होता. आता बघा, बायकोशी भांडताना थांबतो का?"

धाकटी मात्र हसेनाशी झाली. समोरच्या चहावाल्याची मुलगी आमच्या पोरापेक्षा लहान, आणि ती दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "तू कुथे चाल्लास?" धाकटी तिथून जाताना आधी थांबायची, मुलीशी बोलायची. मग थांबेनाशी झाली. मग तर चहापत्ती आणायला लांबच्या दुकानात जायला लागली. मी एकदा विचारलं, हे काय नवीन? तेव्हा म्हणाली, "ताई, ती मुलगी बोलायला लागली की मला ऐकवत नाही. लहान लेकराचा राग येतो हो मला. मी काय वाईट आहे का?"

वाईट नव्हती. घाबरली होती. आणि ती भीती कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण बोललं की घरातलं प्रत्येक जण तिला गप्प करायला टपलेलं. मुलगे उशिराच बोलतात. तू फार विचार करतेस. जास्त बोलणाऱ्या आईची मुलं कमी बोलतात. हा शेवटचा शोध आमच्या यांचा. त्यांना मी त्या दिवशी जेवताना पुन्हा वाढलं नाही.

ती आपली हळूच पारख करायची. पोर पाठमोरं खेळत असलं की मागून डबा आपटायची. पोर वळायचं. तिचा जीव भांड्यात पडायचा. थोड्या वेळानं पुन्हा भीती वर यायची, पुन्हा डबा. भाऊजींचा पुरावा याहून पक्का होता. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की पोर किरकिर करायचं, झोपायचं नाही, दिवसभर कावरंबावरं असायचं. भाऊजी म्हणायचे, "माग बंद पडलेले त्याला बरोबर कळतात. ऐकू येत नसतं तर कळलं असतं का?" धाकटीनं हे वाक्य इतक्या वेळा ऐकून घेतलं की शेवटी तीच ते मला सांगायला लागली. ऐकू येतंय ना ताई, माग थांबले की रडतो ना.

मग तो दिवस आला.

मी त्या दुपारी खाली डबा द्यायला गेले होते. धाकटी कांड्यांच्या यंत्रापाशी, आणि पोर तिच्या मागे जाळीच्या आड, तुटक्या सुताच्या ढिगावर. हा ढीग म्हणजे मऊ गादीच असते, माणसाच्या कमरेइतकी. त्यावर चढून, भिंतीकडे तोंड करून, तो सुताचा गुंता सोडवत बसला होता. तेवढ्यात वीज गेली.

मागांच्या कारखान्यात वीज जाते ती कशी, हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. एवढा आवाज एका क्षणात नाहीसा होतो आणि कानात दडे बसल्यासारखं होतं. कितीही जुना कारागीर असो, त्याची मान वर होतेच. त्या दिवशीही सगळ्यांच्या माना वर झाल्या. पत्र्यावरची कबुतरं उडाली. कोपऱ्यातली मांजर उठून उभी राहिली. पोर सूत सोडवत बसलं होतं.

ढिगावर बसलेला तो एकटाच खाली मान घालून होता. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं की तिला काय कळलं. ती उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं हाक मारली, "बाळा." त्या शांततेत ती हाक शेवटच्या मागापर्यंत गेली. सगळे विणकर वळले. पोर वळलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मग अजून मोठ्यानं. शेवटी तिचा आवाज असा काही निघाला की माझ्या अंगावर काटा आला.

त्याच वेळी पोर वळलं. गुंता सुटला होता, तो त्याला आईला दाखवायचा होता. सगळा कारखाना आपल्याकडे बघतोय हे पाहून त्याला मोठी गंमत वाटली, आणि ते हातातलं सूत वर धरून हसायला लागलं.

वीज आली, माग सुरू झाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एरवी या माणसांचे हात क्षणभर स्वस्थ नसतात, पण त्या वेळी कुणी कुणाला काही खूण केली नाही.

वर आल्यावर तिला तोंडानं सांगता येईना. तिनं हातांनी सांगितलं. कानाला बोट लावायचं आणि तळहात उडवायचा; 'ऐकू येत नाही' ही आमच्या घरातली सगळ्यात जास्त वापरातली खूण. तू काय म्हणतेस ते ऐकू येत नाही, नीट सांग, एवढाच तिचा अर्थ. दिवसातून दहादा आम्ही ती एकमेकांना करतो. त्या दिवशी ती खूण करताना तिचा हात कानापाशीच राहिला, खाली येईना. मीच तो धरून खाली आणला.

पुढच्या सुट्टीला घरात भांडण पेटलं. माग बंद असले की आमच्या घरात सगळे तोंडानं बोलतात आणि सवय नसल्यामुळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे भांडण गल्लीभर ऐकू गेलं असणार. भाऊजी ऐकायलाच तयार नव्हते. "माझ्या पोराला बहिरा म्हणतेस? तू आई आहेस का कोण?" सासूबाईंनी तर तिथल्या तिथे परीक्षाच घेतली. पोराच्या मागे जाऊन पातेल्याचं झाकण जमिनीवर आदळलं. पोर चटकन वळलं. "बघ," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं पोराला उचलून कडेवर घेतलं, सासूबाईंकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "आता वाजवा."

सासूबाईंनी झाकण पुन्हा आदळलं. मी दचकले. पोर आईच्या केसांशी खेळत होतं.

"त्याचं लक्ष नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी आणखी एकदा आदळलं, मग झाकण मांडीवर घेऊन खाली बसल्या. भाऊजी पायात चपला न घालता जिना उतरून निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मला नकोसे झाले. धाकटीच्या भीतीला आता आकार आला होता, आणि ती रोज एक नवी भीती काढून माझ्यापुढे मांडायची. रस्त्यावर हा पुढे धावला आणि मागून गाडी आली तर? मी ओरडेन, सगळी गल्ली ओरडेल, आणि हा एकटा ऐकणार नाही. गर्दीत हरवला तर नाव काय म्हणून सांगेल? कुणी मारलं तर घरी येऊन कुणाचं नाव घेईल? आम्ही मेल्यावर? पोर हाताला लागेल इतकंच दूर, त्याच्या पुढे नाही, असा तिनं नियम केला. मग एक मऊ दोरी आणून तिचं एक टोक त्याच्या मनगटाला आणि एक आपल्या मनगटाला बांधायला लागली. पोर वैतागायचं, दोरी चावायचं. "हाक मारून थांबवता येत नाही ना ताई," ती म्हणायची, "मग धरूनच ठेवायला पाहिजे." मालकाची चाल तिनं नंतर कधी करून दाखवली नाही. विणकर मुद्दाम तिच्याकडे बघून दोन बोटं नाचवायचे. ती कांड्या भरत राहायची.

मी तिला एकदाच विचारलं, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते तुला? मला वाटलं गाडीचं सांगेल. ती म्हणाली, "मला वेडी म्हणाल. गाडीपासून मी वाचवीन त्याला. पण हा जन्मभर मला हाकच मारणार नाही, याची भीती वाटते. मुलं आईला हाका मारून मारून वीट आणतात. मला एकदासुद्धा नाही? मी याची कोण, हे याला माहीत तरी असेल का?"

मी म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ, मी येते. ती म्हणाली, यांच्याशिवाय नाही येणार. जे काय कानावर पडायचं ते दोघांच्या पडू दे, नाहीतर हे जन्मभर म्हणतील की तूच करून आणलंस.

भाऊजींचा मला इतका राग आला होता की मी त्यांच्या ताटात भाजी नुसती टाकत होते. पण एका संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी, माग थांबलेले असताना, मी जिन्यावरून खाली पाहिलं. कारखाना रिकामा होता. भाऊजींनी पोराला सुताच्या ढिगावर बसवलं होतं, भिंतीकडे तोंड करून, आणि स्वतः त्याच्या मागे उभे होते. ते हाका मारत होते. आधी नेहमीच्या आवाजात. मग दोन्ही हात तोंडाशी धरून. मग त्यांनी खिशातला पाना काढला आणि लोखंडी खांबावर मारायला हात उगारला. पोराचा पाय खांबाला लागून होता. भाऊजींनी ते पाहिलं, वाकून तो पाय अलगद बाजूला केला, आणि मग पाना मारला. आवाज सगळ्या कारखान्यात घुमला. पोर सुताशी खेळत राहिलं. भाऊजी ढिगावरच त्याच्या पाठीमागे बसले आणि पोराच्या पाठीला डोकं लावून रडायला लागले. रडताना अंग हलतं, ते पोराला लागलंच. त्यानं वळून बापाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हात फिरवला.

वर येऊन ते मला म्हणाले, "वहिनी, उद्या दवाखान्यात जाऊ. तुम्हीही चला." एवढंच. माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

दवाखान्यातली ती कान तपासायची खोली म्हणजे आमच्यासारख्यांना शिक्षाच. भिंतींना मऊ आवरण, खाली जाड सतरंजी, दार बंद केलं की बाहेरच्या जगाचा एक कण आत येत नाही. आम्ही तिघंही उगीचच खाकरत होतो. पोराची तर गाळण उडाली. त्यानं खाली बसून सतरंजीवर तळहात टेकवला. थोडं पुढे सरकून पुन्हा टेकवला. मग गाल टेकवला. मग उठून आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायला लागला, की जमीन मेली का, असं काहीतरी. मला ते बघवेना.

तपासणाऱ्या बाई वयानं लहान होत्या, बोलायला शांत. त्यांनी विचारलं, "घरी हाक मारली की बघतो का?"

"हो, बघतो ना," भाऊजी पटकन म्हणाले. त्या ढिगानंतरही माणूस असं बोलतो.

"कशी मारता हाक? मारून दाखवा."

भाऊजींनी सवयीनं टाच उचलली आणि सतरंजीवर आपटली.

बाईंनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "घरात सगळेच अशी हाक मारतात?" त्यांनी विचारलं. धाकटीनं मान हलवली. मग बाईंनी सगळं खोदून विचारलं: घर कुठे, जमीन कसली, माग कुठे, पोर झोपतं कुठे. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "दुसऱ्या घरात हे सहा-आठ महिन्यांत लक्षात आलं असतं. हाकेला बघत नाही म्हणून आई घेऊन आली असती. तुमच्या घरात तो बघत होता. त्याच्या पायाला कळत होतं, डोळ्यांना दिसत होतं. त्याचं काही अडलंच नाही, मग तुम्हाला कळणार कुठून?" त्या दोष देत नव्हत्या. तरी भाऊजींनी टाच सतरंजीत रुतवून धरली होती, जशी काही ती पुन्हा उठू द्यायची नव्हती.

तपासणीच्या वेळी आईनं बाहेर थांबायचं, असं बाईंनी सांगितलं. आई समोर असली की असं मूल तिच्याच चेहऱ्यावरून सगळं ओळखतं, मग खरं कळत नाही. काकूच्या मांडीवर बसू दे. धाकटी मनगटाची दोरी सोडायला लागली. गाठ शेवटी मीच काढली. ती बाहेर गेली, तिच्या मागून भाऊजीही, आणि दार बंद झालं. पोर दाराकडे बघत राहिलं.

खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन आवाजाच्या पेट्या होत्या, आणि त्यांच्यावर काचेत ठेवलेली खेळणी. आवाज आला की त्या बाजूला मूल बघतं. बघितलं की खेळण्यातला दिवा लागतो. बाई काचेपलीकडे बसून यंत्र चालवत होत्या. आधी बारीक शीळ. मग जाड. मग ढोलासारखा घुमणारा आवाज. डावीकडून, उजवीकडून. मी पोराला पोटाशी धरून, दगड होऊन बसले होते, कारण आवाजाबरोबर मी हलले तर माझ्या अंगावरून त्याला कळेल. मनात मात्र सारखं म्हणत होते, वळ रे, एकदा वळ. आवाज वाढत गेला. एक तर असा आला की माझ्या दातांत कळ गेली. पोर माझ्या पोलक्याच्या गुंडीशी चाळा करत दाराकडे बघत होतं.

मग सगळं थांबलं. बाई त्यांच्या जागेवरून उठल्या आणि बाहेर गेल्या. जाताना त्यांनी आमच्या खोलीचं दार उघडून ठेवलं, म्हणून मला दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. धाकटी आमच्याकडे पाठ करून उभी होती, भाऊजी तिच्या बाजूला.

बाई म्हणाल्या, अजून एक तपासणी करू, त्याला झोपवून, म्हणजे नक्की किती ते कळेल. पण दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे आज दिसतंय. यंत्रं आहेत, शिकवणारी माणसं आहेत. वेळ गेलाय, पण सगळा नाही गेला. हातांनी बोलतो ते अजिबात बंद करू नका. भाऊजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, मालकासमोर हलवतात तशी. धाकटी हललीसुद्धा नाही. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मला आई म्हणून हाक मारेल का?"

"खोटं नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "मारेलही. नाहीही मारणार. आज सांगता येत नाही."

धाकटीनं भिंतीचा आधार घेतला. तिचे खांदे वर झाले आणि तसेच राहिले.

तेवढ्यात माझ्या मांडीवर पोर ताठ झालं. त्याला दारातून आईची पाठ दिसली होती. त्यानं हात वर केला, अगदी खांद्यातून वर, आणि एक बोट हवेत गरगर फिरवायला लागलं.

ही खूण मी शेकडो वेळा पाहिली आहे. मागावरची कांडी संपत आली की विणकर असाच हात वर करतो आणि बोट फिरवतो. म्हणजे कांडीवाली, इकडे ये. एवढ्या मोठ्या कारखान्यात ही खूण एकाच बाईसाठी आहे, आणि ती दिसली की ती बाई हातातलं टाकून धावत येते. पोर घरीही कितीदा असं बोट फिरवायचं. आम्ही हसायचो, विणकरांची नक्कल करतंय म्हणायचो. कांड्या संपल्या का रे कारागीर, असं सासूबाई विचारायच्या, आणि पोर रागानं आणखी जोरात बोट फिरवायचं.

ती वळत नव्हती. तिला दिसतच नव्हतं. पोराचा हात अजून उंच झाला, बोट अजून जोरात फिरायला लागलं, तोंड रडवेलं झालं. पाठमोऱ्या आईला तो जिवाच्या आकांतानं बोलवत होता आणि ती हाक तिला पोचत नव्हती.

मी त्याला तसाच कडेवर घेऊन उठले, दारापाशी गेले आणि धाकटीला दंडाला धरून वळवलं.

"अगं, बघ इकडे," मी म्हटलं. "केव्हापासून हाक मारतोय तुला."